जुनी जीप गळते तेव्हा आधी काय बघायचं

जुनी महिंद्रा जीप घेतली की पहिल्याच आठवड्यात दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक गट सांगतो, जीप म्हटली की तेल गळणारच, लक्ष देऊ नका. दुसरा सांगतो, सगळं उतरवा, सगळी सीलं आणि सगळी पॅकिंगं एकदाच बदलून टाका. पहिला सल्ला ऐकणाऱ्याचे एखाद्या घाटात ब्रेक जातात. दुसरा ऐकणाऱ्याची जीप गॅरेजात उघडी पडून राहते, भाग इकडेतिकडे होतात, हौस संपते आणि गाडी भंगारवाल्याकडे जाते. मला दोन्ही सल्ले मान्य नाहीत. गळतीचं गांभीर्य डागाच्या आकारावर ठरवू नये. काय गळतंय आणि कुठून गळतंय, यावर ते ठरवावं. इंजिनखाली रोज तळहाताएवढा काळा डाग पडणारी जीप डिपस्टिकवर लक्ष ठेवून वर्षानुवर्षं चालवता येते. चाकाच्या आतल्या बाजूला बोटभर ओल दिसली, तर मात्र तीच जीप जागची हलवू नये.

हा लेख मुख्यतः सीजे ३बी, सीजे ३४०, एमएम ५४०, एमएम ५५० आणि क्लासिक या घराण्यातल्या जीप पाळणाऱ्यांसाठी आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीनं स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकेतल्या विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जुळणी सुरू केली. पुढे सगळी गाडी इथेच बनू लागली, पण खालचा सांगाडा, धुरे आणि ट्रान्सफर केस यांची मूळ रचना कितीतरी वर्षं तीच राहिली. इंजिनं मात्र बदलत गेली: आधी २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल, मग डिझेल इंजिनं, आणि त्यात प्यूजोच्या रचनेचं २११२ सीसीचं एक्सडीपी हे एमएम ५४० मुळे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या फिटरांच्या हाताखालून गेलेलं. पोलीस, वनखातं, पाटबंधारे खातं या सगळ्यांनी या जीप वापरल्या. म्हणून आजही त्यांचं काम येणारे हात आणि बहुतेक सुटे भाग मिळतात. तुमच्याकडे दुसरी कुठली जुनी फोर बाय फोर असली, तरी खालचं बरंचसं तिलाही लागू पडेल.

या गाड्या गळतात त्याला कारण आहे. ज्या काळात त्या आखल्या गेल्या, तेव्हा बऱ्याच ठिकाणी रबरी ऑइल सीलऐवजी नमदा, चामडं, दोरीसारखं पॅकिंग किंवा नुसता कागद वापरत. ट्रान्सफर केसमुळे फिरत्या शाफ्टला तेल अडवून धरावं लागतं अशा जागा साध्या गाडीपेक्षा जवळजवळ दुप्पट. पुढचा धुराही चाकं फिरवतो, त्यामुळे तिथेही सीलं. त्यात चाळीस वर्षांचं फिरणं, चिखल, आणि घाई करणाऱ्या हातांनी वाजवीपेक्षा जास्त आवळलेले बोल्ट. म्हणून एकही थेंब न पडणारी जुनी जीप विकायला आली, तर मी आधी गिअर ऑइलचा प्लग उघडून आत तेल आहे का ते बघायला सांगेन.

पुठ्ठा, चिंधी आणि नाक

गळती ओळखायची पहिली तयारी म्हणजे गाडी खालून स्वच्छ करणं. वर्षानुवर्षांची तेलमाती तशीच ठेवून कुणी "रिअर सील गेलंय" म्हणत असेल, तर तो अंदाज सांगतोय. रॉकेल किंवा डिझेल, तारेचा ब्रश आणि लाकडी पट्टी घेऊन चेंबर, बेल हौसिंग, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरेन्शियल खरवडून पुसून काढा. डिझेलचा हात होजपाइप, इंजिन माउंटिंग आणि ब्रेकच्या रबरी नळ्यांना लागू देऊ नका, रबर फुगतं. इंजिन थंड असतानाच हे काम करा. कोरडं झाल्यावर संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा आणि वीस-पंचवीस किलोमीटर फिरून या. पावडरीवर ओल कुठून सुरू होते ते स्पष्ट दिसतं. तेल खाली उतरतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागे सरकतं, त्यामुळे उगम नेहमी सर्वांत वरच्या आणि सर्वांत पुढच्या ओल्या जागी शोधायचा. चेंबरचं पॅकिंग गेलं म्हणून चेंबर उतरवतात आणि खरं तेल टॅपेट कव्हरवरून उतरत असतं, हे नेहमीचं आहे.

रात्री गाडी सपाट जागी उभी करून खाली मोठा पुठ्ठा पसरा. त्यावर चारही चाकांच्या जागा पेन्सिलीनं आखून ठेवा, म्हणजे सकाळी डाग कुठल्या भागाखाली पडला ते कळतं. मग प्रत्येक डागाला पांढरी चिंधी लावा आणि वास घ्या. काळं आणि धुरकट वासाचं असेल तर डिझेल इंजिनाचं ऑइल. घट्ट, पिवळट-तपकिरी आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल. पातळ, बोटांत गुळगुळीत लागणारं, रंगाला लागलं तर रंग उचलणारं असेल तर ब्रेक ऑइल. हिरवट किंवा गुलाबी, किंचित गोडसर वासाचं असेल तर कूलंट. डिझेल-पेट्रोलचा वास सांगायला नको. कूलंट आणि ब्रेक ऑइल दोन्ही विषारी आहेत, चव घेऊन बघायची जुनी सवय सोडून द्या. गाडीखाली कुत्री-मांजरं बसतात, तेव्हा कूलंटचं थारोळं तसंच ठेवू नका.

पुठ्ठ्यावर तारीख घालून तो जपून ठेवा. दर महिन्याला नवा पुठ्ठा. कुठली गळती वाढते आहे आणि कुठली वर्षभर तेवढीच आहे, हे त्यातून कळतं, आणि कामाचा क्रम त्यावरच लावता येतो.

आधी ब्रेक

जुन्या जीपच्या ब्रेकमध्ये एकच मास्टर सिलेंडर आणि त्याला एकच वाट असते. आताच्या गाड्यांत दोन वेगळ्या वाटा असतात, एक फुटली तरी दुसरी निम्मे ब्रेक देते. सीजे ३बी सारख्या जीपमध्ये एका चाकाचा व्हील सिलेंडर फुटला, की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणून ब्रेक ऑइलच्या थेंबाला सवलत नाही.

बघायचं असं: प्रत्येक चाकाच्या आतून बॅकप्लेटची खालची कड आणि टायरची आतली भिंत चाचपा. ओल असेल तर ड्रम उतरवा. व्हील सिलेंडरच्या टोकाचं रबरी बूट हळूच मागे सारा. आत ओलसरपणा असेल तर कप गेले. एका बाजूचे बदलले तर दुसऱ्या बाजूचेही त्याच दिवशी बदला. सिलेंडरच्या आत गंजाचे खड्डे असतील तर नुसते कप घालून उपयोग नाही, नवे कप त्या खड्ड्यांवर घासून थोड्याच दिवसांत जातील. सिलेंडरच बदला.

मास्टर सिलेंडर पायाखाली, फळीच्या खाली असतो, त्यामुळे कुणी उघडून बघत नाही. त्याचं झाकण उघडण्याआधी वरची माती पुसा, नाहीतर ती आत पडते. त्यात फक्त ब्रेक ऑइल घालायचं, डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं. वाटेत अडलं म्हणून कुणी इंजिन ऑइल ओतायला निघालं, तर त्याचा हात धरा. खनिज तेल लागलं की ब्रेकमधली सगळी रबरं फुगतात आणि मग मास्टर सिलेंडरपासून चारही चाकांपर्यंत सगळं बदलावं लागतं. हे भाग धुतानाही पेट्रोल-डिझेल नको, स्पिरिट किंवा ब्रेक ऑइलच वापरा. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी तरी दोन वर्षांनी सगळं काढून नवं भरावं. ओलावा धरलेलं ऑइल लांबच्या उतारावर तापून उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट फळीला टेकतं.

काही जण दोन वाटांचा मास्टर सिलेंडर बसवून घेतात. माझ्या मते जुन्या जीपवर करायचं पहिलं मोठं काम हेच. मोठे टायर, विंच आणि दिव्यांचे बार याच्या नंतर.

मागच्या चाकाशी ओल दिसली आणि मास्टर सिलेंडरची पातळी उतरलेली नसेल, तर वास घ्या. गिअर ऑइलचा असेल तर धुऱ्याचं सील गेलं आहे आणि तेल ब्रेकच्या लायनरवर येतं आहे. तेल प्यालेली लायनर जाळून, घासून परत वापरायची पद्धत आहे. ती बंद करा, उष्णता लागली की आतलं तेल पुन्हा वर येतं. लायनर नवीच घाला. पण सील बदलण्याआधी धुऱ्यावरचा ब्रीदर बघा. छोटीशी टोपी असते ती. चिखलानं ती बुजली, की चालताना तापलेल्या हौसिंगमधली हवा कोंडते आणि तेलाला सीलातून बाहेर ढकलते. ब्रीदर तसाच ठेवून सीलं बदलत राहिलात, तर नवी सीलंही गळणार.

आणखी एक जागा मी आवर्जून सांगतो. जुन्या सीजे जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी, प्रॉपेलर शाफ्टच्या ड्रमवर असतो. तिथलं आउटपुट सील गळायला लागलं की तेल थेट हँडब्रेकच्या ड्रममध्ये जातं. थेंब लहान असतो, लोक "ट्रान्सफर केस थोडी पाझरते" म्हणून सोडून देतात, आणि घाटात चढावर गाडी उभी केली की ती मागे सरकते. ते सील बदलेपर्यंत चाकामागे लावायला लाकडी ठोकळा गाडीत ठेवा आणि ते काम यादीत वर घ्या.

इंधन आणि पाणी

पेट्रोल जीपमध्ये पेट्रोलचा थेंब दिसला तर गाडी सुरूच करू नये, एवढं सांगून पुढे जातो. एवढीच भर, की पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची पॅकिंगं त्यानं कडक होतात किंवा फुगतात. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या मागून घ्या आणि सगळ्या एकदम बदला.

डिझेलची गळती जास्त फसवी असते, कारण टाकीपासून पंपापर्यंतच्या भागात इंजिन डिझेल ओढत असतं. तिथे चीर पडली तर डिझेल बाहेर येण्यापेक्षा हवा आत जाते. पुठ्ठा कोरडा राहतो आणि सकाळी जीप सुरू होताना रडते. दिवसभर मात्र ठीक चालते. "पंप गेला", "नोझल गेले" असं म्हणून मोठं काम निघण्याआधी फिल्टरच्या पुढे थोडी पारदर्शक नळी तात्पुरती घालून बघा. बुडबुडे दिसले तर एअर घेतेय. मग टाकीतल्या नळीपासून एकेक जोड तपासत या. बँजो बोल्टखालचे तांब्याचे वायसर एकदा दबले की पुन्हा नीट बसत नाहीत. नवे घाला, नाहीतर लाल होईपर्यंत तापवून मऊ करून घ्या. फिल्टरच्या झाकणाचं रबरही वरून दिसायला चांगलं असतं आणि एका बाजूला चिरलेलं असतं.

इंजिन ऑइलची पातळी डिपस्टिकवर वाढलेली दिसली, तर आनंद मानू नका. आत डिझेल किंवा पेट्रोल उतरतं आहे. ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगं जातात. चिंधीवर थेंब घेऊन वास घ्या, इंधनाचा असेल तर गाडी थांबवा आणि पंपाचा पडदा किंवा सील बदलल्यावर ऑइल आणि फिल्टर दोन्ही नवे घाला.

पाण्याच्या बाबतीत वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला असलेलं बारीक भोक लक्षात ठेवा. तिथून थेंब पडू लागले, म्हणजे पंपाचं आतलं सील संपलं आणि पाणी बेअरिंगकडे जायला निघालं. पाणी बाहेर पडावं म्हणूनच ते भोक ठेवलेलं आहे. एम-सील लावून ते बुजवलेले पंप मी पाहिले आहेत, त्यांची बेअरिंगं पुढे अडकली आणि पंख्यानं रेडिएटर फाडला. होजपाइप हातानं दाबून बघा: कडक, कुरकुरणारा किंवा लिबलिबीत झालेला पाइप बदलण्याच्या लायकीचा. विहिरीचं-बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका, क्षार बसतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. बाहेर कुठेच ओल नाही आणि पाणी तरी कमी होतंय, तर हेड पॅकिंगचा संशय घ्या. ऑइलच्या झाकणाला आतून सायीसारखा थर दिसतो तो त्याचीच खूण असू शकते, पण पावसाळ्यात जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दमटपणानंही थोडा थर धरतो. झाकणावर साय आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर एकदा लांब फेरी मारून पुन्हा बघा. डिपस्टिकवरही दुधाळ तेल असेल तर इंजिन सुरू करू नका.

तेलाची गळती: कुठली सोसायची, कुठली नाही

इथे मात्र सबुरी चालते. टॅपेट कव्हर, चेंबरची कड, ऑइल प्रेशरच्या स्विचचा जोड, फिल्टरची बैठक या जागा घरच्या घरी, एका रविवारी होण्यासारख्या आहेत. चेंबरचे बोल्ट आवळताना जोर लावू नका. पत्र्याची कड बोल्टजवळ वर उचलली जाते आणि दोन बोल्टांच्या मधून तेल वाहायला लागतं. चेंबर उतरवलाच आहे, तर कड सपाट लोखंडावर ठेवून हातोडीनं हळूहळू सरळ करून घ्या. सिलिकॉनची ट्यूब थोडी वापरा. बाहेर पसरतं तेवढंच आतही पसरतं, आणि आतला सुटलेला तुकडा ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो.

बेल हौसिंगच्या तळाशी भोक असतं. तिथून थेंब पडत असेल तर वास घ्या. काळं इंजिन ऑइल असेल तर क्रँकचं मागचं सील, गिअर ऑइल असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं सील. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून हे काम क्लचप्लेट बदलायच्या वेळेला जोडून करा. क्लच घसरत नाही आणि ऑइलची पातळी हजार किलोमीटरमध्ये फारशी उतरत नाही, तोवर खाली पत्र्याचा ट्रे ठेवून चालवा. भोक बुजवू नका, साचलेलं तेल थेट क्लचवर जाईल. आणि मागचं सील बदलायचं ठरवण्याआधी इंजिन सुरू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा. धुराचे जोरदार फुत्कार येत असतील, तर आधी इंजिनाचा ब्रीदर आणि त्याची नळी साफ करा. तरीही फुत्कार राहिले, तर रिंगा झिजल्या आहेत. आतल्या दाबानं नवं सीलही फार टिकणार नाही. तेव्हा सीलाचे पैसे वाचवून इंजिनाच्या कामासाठी ठेवा.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकमेकांना चिकटून असतात. मधला अडसर झिजला की गिअरबॉक्समधलं तेल ट्रान्सफर केसमध्ये जातं. बाहेर गळती थोडी, आणि गिअरबॉक्स मात्र कोरडा. म्हणून पातळी दोन्हीची तपासायची, आणि ती तपासायची पद्धत एकच: गाडी सपाट उभी करून भरायचा प्लग उघडा, बोट आत घाला, तेल भोकाच्या खालच्या कडेला लागलं पाहिजे. तेल काढायच्या वेळी आधी भरायचा प्लग उघडतो की नाही ते बघा आणि मगच खालचा काढा. खालचा काढून तेल सांडून दिलं आणि वरचा गंजून अडकलेला निघाला, की गाडी तिथेच अडकते. तेलही नीट मागा. डिफरेन्शियलला जीएल-५ चं ८०डब्ल्यू-९० लागतं. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा असतात, त्यांना जीएल-४ बरं. जीएल-५ मधली काही द्रव्यं पितळ खातात.

पुढच्या चाकांजवळचे गोल गोळे, ज्यांना फिटर सॉकेट बॉल म्हणतात, त्यांच्यावर ग्रीसचा पातळ थर असणं चांगलं. तिथून पातळ तेल ओघळत असेल तर धुऱ्यातलं आतलं सील गेलं आणि डिफरेन्शियलचं तेल गोळ्यात येतंय. गोळ्याचा पृष्ठभाग गंजलेला असेल तर नवा नमदाही तो फाडणार. आधी बारीक एमरी पेपरनं घासून गुळगुळीत करा. पुढच्या चाकांना लॉकिंग हब बसवलेले असतील, तर महिन्यातून एकदा ते लावून मातीच्या रस्त्यावर थोडं चालवा. धुऱ्यात तेल फिरतं, सीलं कोरडी पडत नाहीत. डांबरी कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर टाकून हा प्रयोग करू नका, वळणावर पुढच्या-मागच्या धुऱ्यांत ताण कोंडतो आणि क्रॉस किंवा गिअर तुटतात.

सील विकत घेताना जुनं सील बरोबर न्या. त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. शाफ्टवर सील बसतं तिथे नख फिरवा. नख अडकेल एवढी खाच पडली असेल तर कितीही चांगलं सील गळणार. खाचेवर पातळ स्लीव्ह बसवून घ्या, किंवा जागा असेल तर सील दोन मिलिमीटर पुढेमागे बसवा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तुमच्या गावच्या लेथवर हे काम करणारे हात आहेत. सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे, ओठाला तेलाचा हात, आणि ठोकताना सपाट पाइपचा तुकडा. थेट हातोडीनं ठोकलेलं सील वाकडं बसतं.

स्टिअरिंग बॉक्सची गळती लोक सोडून देतात. आतलं तेल संपलं की वर्म झिजतो आणि चाक हातभर फिरवलं तरी गाडी वळत नाही अशी वेळ येते. महिन्यातून एकदा झाकणाचा प्लग उघडून तेल घाला. घट्ट चॅसिस ग्रीस भरून गळती थांबवतात, पण ते बाजूला सारलं जातं आणि परत वाहून येत नाही.

पाणी आत येतं तेव्हा

मृग लागायच्या आधी दोन तास द्या. होजपाइपनं हुडावर, विंडस्क्रीनवर पाणी मारा आणि आत कुणाला तरी टॉर्च घेऊन बसवा. विंडस्क्रीनच्या चौकटीखालचं रबर ही नेहमीची जागा. ते बदला, सिलिकॉन फासू नका, कारण काच पुढे पाडायची जीप असेल तर ते उखडतं. ताडपत्रीच्या शिवणींवर मेण घासून कोमट हवेनं जिरवलं की बराच फरक पडतो. पायाखालच्या पत्र्याला पाणी निघायची भोकं असतात, ती मोकळी ठेवा. शोभेसाठी अॅल्युमिनियमची चेकर प्लेट ठोकली असेल तर एकदा उचलून बघा. दोन धातूंच्या मध्ये ओल साचून खालचा पत्रा चाळण झालेला असतो आणि वरून काही कळत नाही.

ओढ्यातून जाताना तापलेला धुरा गार पाण्यात शिरतो, आतली हवा आकसते आणि सीलांतून पाणी आत ओढलं जातं. तेल बाहेर सोडणारं सील पाणी आतही घेतं. घरी आल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवा. पाणी तेलापेक्षा जड, तळाला बसतं. सकाळी खालचा प्लग हळूच सैल करा, पाणी आलं किंवा तेल दुधाळ दिसलं तर सगळं तेल बदला. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती इंजिनाच्या खोलीत उंच नेली तर हा त्रास खूप कमी होतो, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडं अंतर चाला, ड्रम वाळतात.

चॅसिसचा गंज यापेक्षा मोठा प्रश्न. पाट्यांच्या हँगरजवळ आणि स्टिअरिंग बॉक्स बसतो तिथे हातोडीनं टकटक करून बघा. खणखणीत आवाज हवा. गाडी घ्यायच्या आधीच हे करायचं. तेल गळणारं इंजिन दुरुस्त होतं, सडलेली चॅसिस परवडत नाही.

कागद

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर. जुन्या जीपमध्ये इंजिन बदललेलं असणं फार सामान्य आहे. आरसीवर हरिकेन पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, अशी जीप घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असा बदल आरटीओच्या नोंदीशिवाय चालत नाही. अपघात झाला तर विम्याचा दावा तिथेच अडकतो. पंजाब-हरियाणाकडून, विशेषतः डबवालीच्या बाजारातून, चकचकीत बॉडीच्या जीप येतात. बॉडी बघण्याआधी चॅसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी जुळवा. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध असल्यानं तिकडच्या जीप स्वस्त दिसतात. त्यांची एनओसी हातात आल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका. चॅसिस नंबरची जागा गंजत असेल तर ती साफ करून ग्रीस लावून ठेवा. नंबर वाचता आला नाही तर तपासणीत गाडी अडते.

गाडीत कायम ठेवायच्या वस्तू थोड्या आहेत: ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, एक लिटर इंजिन ऑइल, एक लिटर गिअर ऑइल, फॅन बेल्ट, वरचा होजपाइप, चार क्लिपा, डिझेलची हातभर नळी, तांब्याचे वायसर, पॅकिंग पेपरचा तुकडा, लाकडी ठोकळा. आणि एक वही. कुठलं सील कधी बदललं, त्यावरचे आकडे काय होते, कुणी बसवलं. पुण्याच्या नाना पेठेत दुकानदाराला "एमएम ५४० चं मागचं सील" सांगून तीन वेगळी सीलं मिळू शकतात. वहीतले आकडे सांगितले की एकच मिळतं.

राहिलं गळलेलं तेल. ट्रेमध्ये साचलेलं आणि बदलून काढलेलं तेल डब्यात भरून ठेवा आणि जुनं तेल रीतसर घेणाऱ्यालाच द्या. गटारात, शेताच्या बांधावर किंवा दारासमोरची धूळ बसवायला ओतू नका. पावसाच्या पहिल्या सरीत ते विहिरीकडे जातं. गळकी जीप घेऊन सड्यांवर, पठारांवर गाडीवाट सोडून जाऊ नका. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, तिथे बोटभर मातीवर फुलं येतात आणि एका चाकोरीत सांडलेलं तेल पुढची कित्येक वर्षं तिथे काही उगवू देत नाही. अशा ठिकाणी गाडी डांबरी रस्त्याच्या कडेला, खाली ट्रे सरकवून उभी करा, निघताना ट्रे पुसून गाडीत घ्या, आणि पुढचं अंतर पायी जा.